तरुणांतील हिंसाचार : एकट्यादुकट्याचे काम नव्हे

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा इतर लेखांतून येईलच. शिष्यवृत्त्या, गरजू कुटुंबांना मदत, गुणवंतांचा सत्कार ही कामे डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा अभिमान वाटणे योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र ज्याचा सत्कार कधी होत नाही, अशा मुलाचा विचार करावयाचा आहे. नववीत नापास होऊन ज्याने शाळा सोडली, ज्याला धड काम मिळाले नाही, जो दिवसभर नाक्यावर बसतो आणि ज्याच्या शर्टाखाली कधीमधी एखादा चाकू असतो, तो हा मुलगा. असा मुलगा आपल्या समाजात नाहीच, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मिरवणुकीतला एक धक्का, क्रिकेटच्या मैदानावरची बाचाबाची, नाहीतर मोबाईलवर कोणी ठेवलेले एखादे स्टेटस, एवढ्याशा निमित्ताने दोन टोळकी समोरासमोर येतात. मग एका घरातला मुलगा इस्पितळात जातो, दुसऱ्या घरातला कोठडीत. दोन्ही घरे उद्ध्वस्त होतात.

अशा वेळी समाजात दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की पोलिसांनी चांगले फोडून काढावे म्हणजे अक्कल येईल. दुसरे मत असे, की आईबापांचे संस्कारच कमी पडले, त्याला आपण काय करणार? वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. वास्तविक दोन्हींचा अर्थ एकच आहे : हे काम माझे नव्हे, दुसऱ्याचे आहे. गेल्या काही दशकांत जगातील काही शहरांनी आणि आपल्या शेजारच्या एका शहराने या प्रश्नाला निराळे उत्तर शोधले. ते उत्तर काय होते, कशाने यशस्वी झाले आणि कशाने ढिले पडले, हे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बोस्टनची हकीकत

अमेरिकेतील बोस्टन हे विद्यापीठांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील गरीब वस्त्यांत 'क्रॅक' नावाचे कोकेनपासून केलेले स्वस्त मादक द्रव्य आले आणि त्याच्या पाठोपाठ पिस्तुले आली. चोवीस वर्षे व त्याखालील वयाच्या ७३ जणांचे खून एकट्या १९९० साली झाले. पुढील पाच वर्षांतही दरसाल सरासरी ४४ तरुण मारले जात होते. मरणारे आणि मारणारे बहुधा एकाच वस्तीतले, पुष्कळदा एकाच शाळेत शिकलेले असत.

पोलिसांनी धरपकड केली, परंतु त्यांच्यावर वस्तीचा विश्वास नव्हता. तसे होण्यास कारणही होते. १९८९ साली एका गोऱ्या इसमाने स्वतःच्या गर्भवती पत्नीचा खून करून त्याचा आळ एका अनोळखी कृष्णवर्णीयावर घातला, तेव्हा पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील तरुणांना रस्त्यावर अडवून सरसकट झडत्या घेतल्या होत्या. ज्याला काल विनाकारण भिंतीशी उभे केले, तो आज खऱ्या गुन्हेगाराचे नाव पोलिसांना कशाला सांगेल? उलट, पाद्री आणि पोलीस हेही एकमेकांवर उघड टीका करीत. प्रत्येकाचे म्हणणे थोडेफार खरे होते आणि तरीही मुले मरतच होती.

१९९२ सालच्या मे महिन्यात एका मारल्या गेलेल्या तरुणाचा अंत्यविधी चर्चमध्ये चालू असता काही तरुण आत घुसले आणि त्यांनी प्रार्थनेस आलेल्यांपैकी एकाला तेथेच भोसकले. या घटनेने धर्मगुरूंचे डोळे उघडले. मुले आपल्या दारी येत नसतील तर आपण त्यांच्या दारी गेले पाहिजे, असे ठरवून काही पाद्री रात्री रस्त्यांवरून हिंडू लागले. त्यांतूनच 'टेन पॉइंट कोअ‍ॅलिशन' नावाची चर्चेसची आघाडी उभी राहिली. रेव्हरंड यूजीन रिव्हर्स, रेव्हरंड रे हॅमंड व रेव्हरंड जेफ्री ब्राउन ही त्यांतील प्रमुख नावे. रात्री उशिरापर्यंत नाक्यावरच्या मुलांशी उपदेश न करता नुसते बोलायचे आणि त्यांचे ऐकायचे, हा या पाद्र्यांचा पहिला कार्यक्रम होता.

त्याच वर्षी दुसरीकडे आणखी एक गोष्ट घडली. न्यायालयाने शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या तरुणांवर लक्ष ठेवणारे परिवीक्षा अधिकारी आजवर फक्त कचेरीत बसून हजेरी घेत. आता ते पोलिसांबरोबर संध्याकाळी त्या तरुणांच्या घरी जाऊ लागले. आईबापांनाही त्याचा आधार वाटला, कारण मुलाला रात्री घरी थांबवण्यास कोणीतरी पाठीशी उभे राहिले. नगरपालिकेने नेमलेले रस्त्यावरचे कार्यकर्तेही होते. त्यांचे काम टोळक्यांतील भांडणे वेळीच मिटवणे आणि मुलांना शाळा, काम, व्यसनमुक्ती यांच्याकडे वळवणे हे होते.

एक मेज, एक नकाशा

पुढे हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अ‍ॅन पील हे अभ्यासक या कामात सामील झाले. त्यांनी पोलीस, परिवीक्षा अधिकारी आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते यांना एका मेजाभोवती बसवले. समोर शहराचा नकाशा आणि तरुणांच्या खुनांची यादी ठेवली व एकेका खुनाविषयी विचारले, "येथे नेमके काय घडले?" कागदोपत्री ज्या खुनाचे कारण 'अज्ञात' होते, त्याचे कारण मेजाभोवतीच्या कोणाला तरी ठाऊक निघे. एकाला मयत मुलगा माहीत असे, दुसऱ्याला त्याचे वैरी, तिसऱ्याला भांडणाचे मूळ. ज्ञान शहरात होते, पण ते तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या माणसांपाशी पडून होते.

तुकडे जुळल्यावर जे चित्र दिसले ते सर्वांनाच नवे होते. संपूर्ण शहरात अशी ६१ टोळकी होती आणि त्यांत मिळून सुमारे १,३०० तरुण होते. शहरातील त्या वयाच्या मुलांच्या मानाने ही संख्या शेकडा एकाहूनही कमी; परंतु तरुणांच्या खुनांपैकी निदान शेकडा साठ खुनांशी या थोड्यांचा संबंध होता. म्हणजे 'हल्लीची पिढी बिघडली' हे म्हणणे चूक ठरले. बिघडलेली होती ती मूठभर मुले, आणि ती मुले स्वतःदेखील भीतीपोटी शस्त्र बाळगीत होती. प्रतिपक्ष शस्त्र टाकीत नाही म्हणून आपणही टाकायचे नाही, अशा पेचात ती सापडली होती.

१९९६ सालच्या मे महिन्यात एका टोळक्यातील तरुणांना न्यायालयाच्या इमारतीत बोलावण्यात आले. समोर पोलीस, सरकारी वकील, परिवीक्षा अधिकारी, पाद्री आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते एका रांगेत बसले होते. सर्वांनी मिळून एकच गोष्ट सांगितली : खूनखराबा थांबलाच पाहिजे. तुमच्यापैकी एकानेही पुन्हा शस्त्र चालवले तर साऱ्या टोळक्यावर कायद्याने शक्य ते सर्व लक्ष केंद्रित होईल. ज्याला यातून बाहेर पडायचे असेल त्याच्यासाठी मात्र काम, शिक्षण, औषधोपचार, संरक्षण यांची व्यवस्था आम्ही करू, आणि आज येथे बसलेलेच लोक ती करतील. धाक आणि आधार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच तोंडाने सांगितल्या गेल्या, हे त्या सभेचे वैशिष्ट्य. शिवाय प्रत्येक टोळक्याला सारखाच इशारा मिळाल्यामुळे शस्त्र टाकण्यास एक सबब मिळाली. 'मी भ्यालो' असे न म्हणता 'वरून दाब आहे' असे म्हणता येऊ लागले. तरुणाच्या मानी मनाला अशी सबब किती मोलाची असते, हे मुलांत वावरणारा कोणीही शिक्षक सांगेल.

१९९६ साली तरुणांच्या खुनांची संख्या २६ वर आली आणि १९९७ साली १५ वर. त्या काळात अमेरिकेतील इतर शहरांतही गुन्हे कमी होत होते, ही गोष्ट खरी. परंतु अभ्यासकांनी त्या शहरांशी तुलना करून पाहिली, तेव्हा बोस्टनमधील घट अधिक तीव्र व अधिक अचानक असल्याचे दिसून आले.

या हकीकतीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. यश मिळाले म्हणून सर्वत्र गाजावाजा झाला, माणसे बदलली, बैठका विरळ झाल्या आणि २००० च्या सुमारास हे काम जवळजवळ बंद पडले. हळूहळू खून पुन्हा वाढले. १९९९ साली शहरात सर्व वयांचे मिळून ३१ खून झाले होते, ते २००५ पर्यंत सत्तरच्या वर गेले. २००७ साली हेच काम पुन्हा हाती घ्यावे लागले. विहिरीचे पाणी चांगले लागले म्हणून कोणी रहाट मोडून टाकीत नाही. परंतु सार्वजनिक कामात आपण नेमके हेच करतो.

इस्पितळाची बाजू

वेल्समधील कार्डिफ शहरात हा विचार एका शल्यविशारदाला सुचला. प्राध्यापक जोनाथन शेपर्ड हे जबड्याच्या व चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करीत. मारामारीत जखमी होऊन आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी मोठ्या भागाची पोलिसांकडे नोंदच नसते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी इस्पितळात नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तीन-चार साधे प्रश्न विचारण्यास सांगितले : मार कोठे बसला? केव्हा? कशाने? रुग्णाचे नावगाव न कळवता ही माहिती पोलीस व नगरपालिका यांच्यापुढे ठेवण्यात येई. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या रात्री, कोणत्या मद्यगृहाबाहेर मारामाऱ्या होतात हे कळल्यावर तेथे पहारा, दिवाबत्ती, वाहतुकीची व्यवस्था आणि फुटल्यावर शस्त्र न बनणारे पेले असे उपाय योजले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच चौदा शहरांशी तुलना करता, हिंसेमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये सुमारे ४२ टक्क्यांनी कमी आढळले.

स्कॉटलंडमधील ग्लासगोची परिस्थिती आपल्याला अधिक जवळची, कारण तेथील हत्यार पिस्तूल नसून चाकू होते. तेथे २००५ साली पोलिसांनी कॅरिन मॅक्लस्की व जॉन कार्नोकन यांच्या पुढाकाराने हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि हिंसा हा जणू साथीचा रोग आहे, असे मानून शिक्षक, डॉक्टर व समाजसेवक यांना बरोबर घेतले. २००८ साली टोळक्यांतील मुलांना न्यायालयात बोलावून त्यांच्यापुढे पोलीस बोलले, शल्यविशारद बोलले आणि हल्ल्यात जखमी झालेल्या मुलाची आईही बोलली. कायद्याला न भिणारी मुले त्या आईपुढे मान खाली घालून बसली. २००४-०५ साली स्कॉटलंडमध्ये १३५ हून अधिक माणसे मारली गेली होती. २०२३-२४ साली हा आकडा साठाच्या खाली होता.

भिवंडीचा धडा

परदेशच्या गोष्टी आपल्याकडे कशा लागू पडणार, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर भिवंडीत आहे. यंत्रमागांच्या या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल झाली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. १९८४ साली पुन्हा तसेच घडले. भिवंडी म्हणजे दंगल, असे समीकरणच होऊन बसले होते. १९८८ साली सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मिळून सुमारे सत्तर समित्या स्थापन केल्या. हिंदू व मुसलमान सभासद सारख्या संख्येने घेतले, आणि तेही पुढारी नव्हेत तर दुकानदार, कामगार, गृहिणी, शिक्षक अशी साधी माणसे. त्या भागाचा हवालदार व अधिकारी बैठकीस हजर राहत. बैठका दंगलीच्या विषयावर नसत. शेजाऱ्यांची कुरबुर, मुलांची मारामारी, रस्त्यावरची अडचण असे बारीकसारीक तंटे तेथे मिटत. या लहान गोष्टी मिटवता मिटवता माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली पेटल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मेली. मुंबईपासून अगदी जवळ असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. दंगलीत रस्त्यावर येतात ती बहुधा पंधरा ते पंचवीस वर्षांची मुले. त्यांना घरी परत नेऊ शकेल असा माणूस प्रत्येक गल्लीत असतो, पण तो एकटा असला तर त्याचे धैर्य होत नाही. समोरच्या गल्लीतही आपल्यासारखाच एक माणूस आपल्या मुलांना आवरीत आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ते कळण्याची सोय समित्यांनी केली होती. पुढे मुंबईतही १९९४ साली ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या प्रयत्नाने मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले, आणि वस्त्यांतील तरुण व पोलीस यांना क्रिकेटच्या सामन्यांतून एकत्र आणण्यात आले. यानंतर भिवंडीत कधीच काही घडले नाही, असे नव्हे. २००६ साली पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून तेथे रक्त सांडले. एकदा साधलेले सख्य कायमचे पुरत नाही, ही बोस्टनने दिलेली साक्ष येथेही खरी ठरली.

या सर्वांतून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, धोका साऱ्या तरुण पिढीपासून नसून मूठभरांपासून असतो, आणि ती मूठभर मुले स्वतःही धोक्यात असतात. म्हणून सरसकट दोष देणारी भाषणे निरुपयोगी आणि सरसकट झडत्या तर अपायकारक होत.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाने आपापले काम करावे, दुसऱ्याचे करू नये.  कार्डिफच्या इस्पितळाने जागा आणि वेळ सांगितली, रुग्णाचे नाव सांगितले नाही. सहकार्य म्हणजे सर्वांनी सर्व काही सर्वांना सांगणे नव्हे. काय सांगावयाचे आणि काय पोटात ठेवावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.

तिसरी गोष्ट, मुलाला निरनिराळ्या तोंडांनी निरनिराळे सांगितले जाऊ नये. शिक्षक एक सांगतो, बाप दुसरे, गल्लीतला पुढारी 'तू कर, मी सोडवतो' म्हणतो. मग मूल त्यांतले सोयीचे तेवढे ऐकते.

चौथी गोष्ट, बैठक संकट आल्यावर नव्हे, संकट नसताना भरली पाहिजे, आणि भरत राहिली पाहिजे.

आपल्याकडे काय करता येईल

कायद्याने या कामासाठी बरीच दारे उघडून ठेवली आहेत, पण ती आपण वाजवीत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असते आणि त्यात दोन समाजसेवक असतात. त्यांपैकी एक महिला असावी लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, परिवीक्षा अधिकारी असतो, मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. अठरा वर्षांखालील आरोपी मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास याच कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे. मुलाचे छायाचित्र गल्लीभर मोबाईलवर फिरवून आपण त्याच्या परतीची वाट बंद करतो. आपल्या गावच्या ठाण्यातील बालकल्याण अधिकारी कोण, हे संस्थेच्या किती सभासदांना माहीत आहे?

शाळेपाशीही माहितीचा एक तुकडा आहे. मूल अचानक वाट सोडीत नाही. आधी सोमवारची गैरहजेरी येते, मग मधल्या सुट्टीनंतर जागा रिकामी राहते, मग पंधरा दिवस पत्ता नसतो, आणि अखेर हजेरीपत्रकावरून नाव कमी होते. हे सर्व आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर, तांबड्या शाईने लिहिले जाते. परंतु हजेरीपत्रकाला गल्लीची वाट ठाऊक नसते, आणि गल्लीला हजेरीपत्रक दिसत नाही. मुलाच्या घरची स्थिती शेजारणीला ठाऊक असते, त्याचे सोबती किराणा दुकानदाराला ठाऊक असतात, त्याच्या अंगावरची जखम डॉक्टरांना ठाऊक असते, तालमीतल्या वस्तादाला त्याची रग ठाऊक असते आणि मशिदीच्या इमामाला किंवा देवळाच्या पुजाऱ्याला त्याच्या आईचे रडणे ठाऊक असते. हे तुकडे जुळवणारे मेज आपल्याकडे नाही. ते मेज मांडणे हेच आपल्यासारख्या संस्थेचे काम आहे, कारण शाळा, दवाखाना, पोलीस आणि प्रार्थनास्थळ या चौघांनाही आपल्या दारी येण्यास संकोच वाटणार नाही.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ, सात-आठ माणसे, त्यांत दोन तरी स्त्रिया, आणि शेजारच्या समाजाच्या संस्थेलाही तितक्याच जागा. आपल्या मुलांची चिंता आपणच आपल्यापुरती केली तर ती अर्धीच होते, कारण भांडणाला नेहमी दोन बाजू असतात आणि दुसरी बाजू बहुधा दुसऱ्या गल्लीत राहते. बैठकीत गेल्या महिन्यात कोण शाळेतून गळाले, कोठे कुरबुर झाली, कोणाशी कोणी बोलायचे, एवढेच ठरवावे. प्रत्येक मुलामागे त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एक माणूस नेमावा. शिष्यवृत्तीच्या निधीतील थोडा भाग गुणवंतांसाठी न ठेवता, शाळा सोडलेल्यांना पुन्हा परीक्षेस बसविण्यासाठी किंवा आयटीआयसारख्या ठिकाणी हातचे काम शिकविण्यासाठी राखून ठेवावा. काहींना हे अन्यायाचे वाटेल : अभ्यास करणाऱ्याचे काढून उनाडाला द्यायचे काय? त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की गुणवंत मुलगा ज्या रस्त्याने घरी येतो, तो रस्ता या दुसऱ्या मुलाच्याच नाक्यावरून जातो.

आपल्या संस्थेच्या दप्तरात पन्नास वर्षांत पारितोषिके मिळवलेल्या मुलांच्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्या तशाच जपाव्यात. त्यांच्या शेजारी यंदापासून आणखी एक लहानशी वही असावी. ती कोणाला दाखवू नये, छापू तर मुळीच नये. तीत शाळेतून गळालेल्या मुलांची नावे असावीत, आणि प्रत्येक नावासमोर त्याची जबाबदारी घेतलेल्या माणसाचे नाव असावे. पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत या वहीचा उल्लेखही येऊ नये. परंतु तीतील किती मुले आपापल्या कामाधंद्याला लागली, हे कार्यकारी मंडळाला बोटावर मोजून सांगता यावे.